भोंगा वाजला, तर कुठे जायचे?

डिसेंबर लागला की आपल्या घरोघरी चैत्यभूमीला जाण्याची तयारी सुरू होते. १९८४ साली त्याच आठवड्यात, २ डिसेंबरची रात्र उलटून ३ तारीख लागत असताना, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. सुमारे चाळीस टन. कारखान्यासमोरच जयप्रकाशनगरची झोपडपट्टी होती. पहिला घाला तिच्यावर पडला. सरकारने सुरुवातीला २,२५९ मृत्यू सांगितले, मग ३,७८७ सांगितले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात ५,२९५ चा आकडा दिला. भोपाळच्या संघटना म्हणतात, खरा आकडा याच्या कितीतरी पट आहे.

वाचक बंधुभगिनींनो, भोपाळची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. पण तिच्यातला एक भाग फार कमी सांगितला जातो. त्या रात्री गावाला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. तसेही भोंगे नेहमीच वाजत, म्हणून लोकांना त्याचे नवल राहिले नव्हते. डोळे झोंबून लोक जागे झाले आणि मुलाबाळांना घेऊन धावत सुटले. पुष्कळजण वारा जिकडे वाहत होता तिकडेच धावले, म्हणजे वायूच्या सोबतच धावले. धावताना दम लागतो, दम लागला की श्वास खोल जातो, आणि श्वासाबरोबर विषही खोल जाते. इस्पितळात पोचले त्यांच्यावर काय उपचार करायचे ते डॉक्टरांना उमगेना, कारण कोणता वायू आहे हेच त्यांना कुणी नीट सांगितले नव्हते. तोंडावर ओले फडके धरा आणि वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडा, एवढी दोन वाक्ये त्या वस्तीला आधी कुणी सांगितली असती, तर कितीतरी माणसे वाचली असती. ती सांगायला पैसा लागत नव्हता. वस्तीतल्या माणसाला सांगण्याजोगे समजण्याची दानत लागत होती.

इथे एक आठवण द्यायला हवी. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने १९८२ पासूनच आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून या कारखान्याबद्दल इशारे दिले होते. मोठ्या लोकांनी ते मनावर घेतले नाही. छोट्या साप्ताहिकांना कोण विचारतो!

भोपाळ लांब आहे, असे कुणी म्हणू नये. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, १२ माणसे गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटून लोक रक्तबंबाळ झाले. त्यानंतर कारखाने हलवण्याची भाषा झाली, आणि २३ मे २०२४ ला त्याच डोंबिवलीत दुसरा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली. तारापूरला जानेवारी २०२० मध्ये आठजण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच एका औषध कंपनीत वायुगळती होऊन चार कामगार गेले. चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धी कारखान्यात ८ ऑगस्ट २०१८ ला स्फोट झाला, चाळीसहून अधिक जखमी झाले. आणि त्याच माहुलला, मुंबईच्या जलवाहिनीकाठच्या झोपड्या पाडून, गोरगरिबांना घरे देण्यात आली होती. तिथल्या हवेत लोकांना जबरीने पाठवता येणार नाही, हे सांगायला २०१९ साली उच्च न्यायालय लागले.

महाडचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हेच महाड. आज त्या गावाशेजारी रसायनांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार जळून गेले. दर मार्चमध्ये आपण गाड्या भरभरून महाडला जातो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो. त्याच महाडच्या कारखान्यांच्या टाक्यांत काय आहे, हे भोवतालच्या गावातल्या किती बायामाणसांना ठाऊक असेल? सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी तो सत्याग्रह होता. आपण श्वासात काय घेतो हे विचारणे त्याच हक्काच्या वाटेवरचे आहे, असे आम्हाला वाटते.

आता अडचणीचा मुद्दा. कंपनीशेजारच्या वस्त्यांतल्या भगिनी आम्हाला हेच सांगतात, “घरधनी त्याच कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर आहे. आम्ही तोंड उघडले तर उद्या त्याचा पास बंद.” ही भीती खोटी नाही. पोटाचा प्रश्न आहे. टाकी धुवायला आत उतरणारा, पिंपे वाहणारा, गाळ उपसणारा माणूस बहुधा ठेक्यावरचाच असतो, आणि त्यालाच रसायनाचे नाव सांगितलेले नसते. पण मग त्याने एकट्याने का विचारावे? कायद्याने माहितीचा हक्क कामगाराला दिला आहे, तसा तो कंपनीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्यालाही दिला आहे. म्हणून पत्र महिला मंडळाने लिहावे, विहार समितीने लिहावे. खाली सह्या कंपनीत कामाला नसलेल्यांच्या असाव्यात. कारखाना बंद करा असे त्यात कुठे म्हणायचे नाही. फक्त विचारायचे आहे.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, हे आपल्याला माहीत आहे. फॅक्टरी कायद्यात भोपाळनंतर, १९८७ साली, नवे कलम आले. धोकादायक कारखान्याच्या मालकाने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला धोक्याची व बचावाची माहिती दिलीच पाहिजे, असे ते कलम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे, पण ही तरतूद तिच्यातही आहे. घातक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम वेगळे आहेत. अपघात झाला तर ज्यांना झळ लागेल, त्यांना धोका काय, काय करावे आणि काय करू नये, हे कारखान्याने आधीच कळवायचे, आणि कारखान्याबाहेरच्या बचावाचा आराखडा जिल्हा प्रशासनाने तयार ठेवायचा. १९९६ च्या नियमांनी औद्योगिक वसाहतीसाठी स्थानिक आपत्ती गट नेमले. त्या गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस तर असतातच. पण वस्तीचा पुढारी किंवा सरपंच, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक, दोन डॉक्टर आणि दोन समाजसेवक हेही सभासद असतात. गटाची महिन्याला बैठक व्हायला हवी, सहा महिन्यांनी रंगीत तालीम व्हायला हवी.

तुमच्या भागातल्या त्या गटात ‘समाजसेवक’ म्हणून कोण बसतो, हे एकदा शोधून काढा. गंमत म्हणून तरी शोधा.

माहिती मागायची म्हणजे नेमके काय मागायचे? शेजारच्या कारखान्यात कोणता घातक पदार्थ किती साठवला आहे, तो सुटला तर किती अंतरापर्यंत जाईल, धोक्याचा भोंगा कसा वाजतो आणि धोका टळल्याचा कसा वाजतो. भोंग्याची रीत बहुतेक ठिकाणी अशी असते की चढता-उतरता आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. पण प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असू शकते, म्हणून आपल्या कंपनीची विचारून घ्यावी. पाळीच्या भोंग्यात आणि धोक्याच्या भोंग्यात फरक कळला नाही, तर तो भोंगा असून नसल्यासारखाच. आणि भोंगा वाजेलच यावरही विसंबू नये. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे तीनच्या सुमाराला स्टायरीनची वाफ सुटली. टाळेबंदीत बंद पडलेल्या कारखान्यातली टाकी आतल्या आत तापली होती. गाव झोपेत होते, भोंगा वाजलाच नाही. बाराजण गेले.

वायूंचे स्वभाव वेगवेगळे असतात. क्लोरीन पाणी शुद्ध करायच्या केंद्रावरही असतो. तो हिरवट-पिवळा, हवेच्या अडीच पट जड. जमिनीलगत सरपटतो, नाल्यात, खड्ड्यात, तळघरात साचतो. त्यापासून वाचायचे तर उंचावर जावे. बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात, मासळीच्या प्रक्रिया केंद्रात अमोनिया असतो. त्याचा उग्र वास मुतारीसारखा येतो, डोळ्यांतून पाणी काढतो. हा मुळात हलका आहे, पण थंडगार सुटला तर आधी जमिनीवरच ढगासारखा पसरतो. गटारात, गाळाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. हा सर्वांत कपटी. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला, आणि तिथेच तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

कारखाना चालू असायलाच हवा असेही नाही. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळाला. शंभराहून अधिक लोक इस्पितळात गेले, आणि त्यांत विझवायला आलेले अग्निशमन दलाचे जवानही होते.

आता वायू सुटला तर करायचे काय? सरकारी पत्रकात लिहिलेले असते की घरात जा, दारे-खिडक्या लावा, पंखा आणि एसी बंद करा, फटींत ओली फडकी कोंबा, आतल्या खोलीत बसा. सल्ला बरोबर आहे. कमी वेळाच्या गळतीत बाहेर धावण्यापेक्षा बंद घरात थांबणे सुरक्षित असते. पण हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिमेंटचा स्लॅब आणि काचेची खिडकी असते. आपल्या घराला वर पत्रा, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट, दार म्हणजे ताडपत्री. तिथे आतली खोली कुठली? म्हणून प्रत्येक गल्लीने आजच ठरवून ठेवावे की आपल्याला सर्वांत जवळचे पक्के छप्पर कोणते. बहुतेक वस्त्यांत ते बुद्धविहार असते, नाहीतर नगरपालिकेची शाळा. विहाराची किल्ली कुणाकडे असते, रात्री दोन वाजता ती कशी मिळेल, खिडक्यांच्या फुटक्या तावदानांना पुठ्ठा लागला आहे का, मोठ्या पिंपात पाणी आहे का, हे समितीने बघावे. गल्लीत अंथरुणाला खिळलेले कोण, बाळंतीण कोण, दमेकरी कोण, त्यांना कोणी उचलायचे, हे आधी ठरलेले असावे. घटका आली की जो तो आपल्या लेकराला धरतो, आणि म्हातारी मागे राहते.

निघायची वेळ आलीच तर आधी वारा बघावा. कारखान्यात त्यासाठी उंच खांबावर कापडी पिशवी टांगलेली असते. आपल्याकडे विहारावर पंचशील ध्वज असतो, चौकात निळा झेंडा असतो. झेंडा ज्या दिशेला फडकतो, तिकडे वायू जाणार. त्या दिशेला जाऊ नये. वायूच्या उगमाकडेही जाऊ नये. वाऱ्याला आडवे, डावीकडे किंवा उजवीकडे, पळता चालत जावे, धावून दम लावून घेऊ नये. नाका-तोंडावर ओला पदर, ओला टॉवेल धरावा. अमोनिया, क्लोरीन असे पाण्यात विरघळणारे वायू त्यात काही प्रमाणात अडतात. सगळे अडत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला ओले फडके काहीच करत नाही. गॅसचा वास असेल तर बटण दाबू नये, चूल, विडी, गाडी काही पेटवू नये. आणि लांबून मोठा आवाज झाला किंवा आगीचा लोळ दिसला, तर बघायला खिडकीत धावू नये. स्फोटाचा उजेड आधी पोचतो, धक्का नंतर येतो आणि काच तोंडावर फुटते. बैरूतला ४ ऑगस्ट २०२० ला पुष्कळांचे असेच झाले.

मातांना एक कठीण गोष्ट सांगायची आहे. भोंगा वाजला आणि मूल शाळेत असेल, तर त्याला आणायला धावू नका. शाळेची पक्की इमारत आहे, खिडक्या लावून गुरुजी-बाई मुलांना आत बसवतील. तुम्ही उघड्या रस्त्यावर असाल, आणि परत येताना मूलही उघड्यावर असेल. हे वाचणे सोपे आहे, त्या क्षणी थांबणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच शाळेत आधी जाऊन विचारा की असा प्रसंग आला तर तुम्ही काय कराल. गुरुजींना उत्तर देता आले, तर तुमचे पाय त्या दिवशी घरी थांबतील.

अंगावर रसायन पडले तर कपडे उतरवावेत, लाज धरू नये, आणि भरपूर साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे. डोळेही तेवढाच वेळ. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावू नये. पोटात गेले असेल तर उलटी काढू नये. गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ होते, ही गिरणीपासूनची समजूत आहे. गुळाने फुप्फुसातला वायू निघत नाही. क्लोरीनसारख्या वायूने काही तासांनंतर फुप्फुसात पाणी होऊ शकते, त्यामुळे “आता बरे वाटते” म्हणून घरी येऊन झोपू नये, दवाखान्यात देखरेखीखाली राहावे. डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगता आले तर निम्मे काम होते. त्यासाठीच ते नाव आधी माहीत हवे.

टँकरबद्दल दोन शब्द. घातक माल नेणाऱ्या टँकरवर पाटी असते आणि तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १२०३ म्हणजे पेट्रोल. टँकर उलटला तर लांबून तो क्रमांक वाचून ११२ किंवा १०१ वर सांगावा. बादल्या घेऊन धावू नये. पाकिस्तानात अहमदपूरजवळ २५ जून २०१७ ला सांडलेले पेट्रोल भरायला गाव गोळा झाले आणि दोनशेहून अधिक माणसे जळून गेली. गरिबाला फुकटचे पेट्रोल दिसले, यात त्यांचा दोष काय काढायचा? पण आपल्या पोरांना सांगून ठेवा.

अपघातापेक्षा हळू चालणारा एक धोका तर आपल्या दारातच उभा असतो. भंगारवाल्याकडून आणलेले निळे पिंप. पाणी दिवसाआड येते, पिंप लागतेच. पण त्या पिंपात आधी काय होते? लेबल फाडलेले, वास येणारे, कवटीचे चित्र असलेले पिंप कितीही धुतले तरी प्यायच्या पाण्याला वापरू नये. प्लास्टिक रसायन शोषून धरते. कचरा-भंगार वेचणाऱ्या भगिनींनी बंद झाकणाचे पिंप फोडू नये, कापू नये.

अपघातात नुकसान झालेच, तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कंपनीची चूक होती हे आपल्याला सिद्ध करावे लागत नाही. अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

आता पत्राचा नमुना देतो. आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावा.

“प्रति, मा. जिल्हाधिकारी, अध्यक्ष, जिल्हा आपत्ती गट. विषय : आमच्या वस्तीशेजारील कारखान्यांतील घातक रसायनांबाबत माहिती मिळणेबाबत. महोदय, आम्ही अमुक वस्तीचे रहिवासी आहोत. अमुक औद्योगिक वसाहत आमच्यापासून इतक्या अंतरावर आहे. १९८९ व १९९६ च्या नियमांनुसार आम्हाला पुढील माहिती मराठीत मिळावी. कोणत्या कारखान्यात कोणती घातक रसायने आहेत. अपघात झाल्यास आमची वस्ती झळ लागणाऱ्या क्षेत्रात येते काय. धोक्याच्या व धोका टळल्याच्या भोंग्याची खूण. आमच्यासाठी ठरवलेले आसऱ्याचे ठिकाण व रुग्णालय. मागील रंगीत तालीम कधी झाली व पुढची कधी आहे. स्थानिक आपत्ती गटाच्या सभासदांची यादी. तालमीत आमच्या महिला मंडळाला सहभागी करून घ्यावे. आपले विश्वासू,”

खाली निदान वीस सह्या. एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयाला, एक अग्निशमन केंद्राला. उत्तर आले नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात घालावेत. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला तीही नाही, मुदत तीस दिवस. अर्ज नुसता देऊन येऊ नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी, आणि ती पोहोच विहाराच्या फाइलीत लावून ठेवावी.